सोळा चांदाची शर्यत

मी एक जुनी टॅक्सी आहे. टॅक्सी म्हणायचं ते जुन्या ओळखीखातर, कारण माझ्यात आता बसतात ती शेजारची दोन करडं. शारजाला एका वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला टेकून मी चार वर्षं उभी आहे. पुढची चाकं गेली. बॉनेट कुणीतरी उचलून नेलं आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर घातलं. मित्रांनो, तुम्हाला गंजलेल्या वस्तूंच्या कहाण्या आवडतात, कारण शेवटी त्या सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. माझ्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म विलायतेतला. जहाजातून इथे आले ती तेल कंपनीच्या एका साहेबासाठी. त्याने मला तीन वर्षं वापरलं आणि बदली झाल्यावर विकून टाकलं. जाताना मागे वळूनही पाहिलं नाही. मला घेतलं ते रत्नागिरीकडच्या दोघांनी भागीत. एक मोहिद्दीन, पूर्णगडचा, पूर्वी गलबतावर तांडेल होता. दुसरा त्याचा मेहुणा हमदुल्ला, विमानतळाच्या वर्कशॉपमध्ये फिटर. मोहिद्दीन मला चालवायचा, हमदुल्ला माझी दुरुस्ती करायचा. शारजा ते दुबई आणि दुबई ते शारजा, हे माझं आयुष्य झालं.

तेव्हा धड रस्ता नव्हता. काही वाट वाळूतून, काही सबख्यावरून. सबखा म्हणजे समुद्राकाठचं खारट सपाट मैदान. वरून असं टणक, की वाटावं कुणी फरशी घातली आहे. खाली चिखल. उधाणाच्या दिवसांत समुद्राचं पाणी खालून शिरतं, वरचा पापुद्रा दिसायला तसाच राहतो आणि गाडी आली की फुटतो. इथले ड्रायव्हर एकदा फसून हे शिकले. मोहिद्दीनला शिकावं लागलं नाही, त्याचं अर्धं आयुष्य भरती-ओहोटी बघण्यात गेलं होतं. रोज सकाळी चावी फिरवण्याआधी तो स्वतःलाच विचारायचा, "आज चांद कितवा?" चौदापासून अठरा चांदापर्यंत, म्हणजे पुनवेच्या उधाणात, तो मला सबख्याच्या समुद्राकडच्या अंगाला नेत नसे. लांबच्या वाटेने जायचा. उतारू कुरकुरायचे, त्यांचं काही चालू द्यायचा नाही. डिकीत दोन जाड फळ्या, फावडं आणि एक स्टेपनी असल्याशिवाय तो निघायचा नाही. पुढे बंपरला पाण्याची छागल लटकलेली. मला या ओझ्याचा राग यायचा. आज खरं सांगते, मला मिरवायचं होतं.

एकोणीसशे चौसष्टचा नोव्हेंबर आला. मोहिद्दीनची बायको बिलकीस तीन वर्षांच्या मुलीला घेऊन गावाहून निघाली होती. मुलीचं नाव शहनाझ. ती पोटात असताना मोहिद्दीन इकडे आला होता, त्यामुळे त्याने तिला पाहिलंच नव्हतं. त्याने दुबईच्या देरा भागात अंगण असलेली एक खोली ठरवली. ती खोली, तिघांचं खाणं, सगळं माझ्या फेऱ्यांवर चालणार होतं. मायलेकी मुंबईला मुसाफिरखान्यात आगबोटीची वाट बघत होत्या. बोट पुढच्या आठवड्यात. माझ्या मागच्या सीटला मोहिद्दीनने नवं कापड शिवून घेतलं, मुलगी त्यावर झोपेल म्हणून.

आता हमदुल्लाचं सांगते. तो हाताचा जादूगार होता, पण वर्कशॉपात त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. मिशीवाल्या माणसाला साहेब लोक 'बॉय' म्हणत. हे साहेब दर हिवाळ्यात सबख्यावर गाड्यांची सरळ रेषेतली शर्यत लावत, दोन-दोन गाड्या शेजारी, पाव मैल, घड्याळ लावून. मोसम सुरू व्हायच्या आधी एका जुम्म्याला, शुक्रवारच्या सुट्टीला, चाचणी असे. आठवडाभर त्यांच्या गाड्या हमदुल्ला सुधारायचा आणि पळवायचे ते. एकदा त्याने विचारलं, मी आणू का एक गाडी? साहेब हसून म्हणाला, "चार चाकं असली तर आण." हे त्याच्या जिव्हारी लागलं.

गुरुवारी तो मोहिद्दीनला म्हणाला, "दुल्हाभाई, बिलकीस येणार, गाडीची सर्व्हिस करून टाकतो. कल सुबह नेतो, दुपारी असरच्या नमाजपर्यंत वापस."

"खाडीपल्याड सबख्यावर नेऊ नकोस," मोहिद्दीन म्हणाला. "उद्या सोळा चांद आहे."

"मालूम आहे. वर्कशॉपमध्येच नेतो. इन्शाल्ला नवी करून देतो."

वर्कशॉपमध्ये त्याने मला नेलं खरं. कार्ब्युरेटर धुतला, प्लग घासले. मग त्याने मागची सीट काढली. स्टेपनी काढली, जॅक काढला, छागल सोडली. शेवटी फळ्यांवर हात ठेवून तो जरा थांबला. अन्वर नावाचा दुसरा फिटर तिथे होता. तो म्हणाला, "लकडी राहू दे यार. सोळा चांद आहे."

हमदुल्ला हसला. "अरे, तू हर्णैचा ना? होडी रेतीवर लागली की आपण काय करतो? माल उतरवतो. हलकी झाली की वरच्यावर निघून जाते. गाडीचंही तेच."

अन्वरला पटलं. दोघेही किनाऱ्यावर वाढलेले. होडी पाण्यावर तरंगते आणि गाडी चाकांवर उभी असते, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. फळ्या भिंतीला टेकून राहिल्या.

मी सबख्यावर पोहोचले तेव्हा साहेब आणि मडमा खुर्च्या टाकून बसले होते. चुन्याच्या दोन रेषा आखलेल्या, आणि पुढे समुद्राच्या बाजूला रिकामे पिंप मांडलेले. त्या पिंपांच्या आत गाडी थांबवायची, असा नियम. मला बघून कुणीतरी हॉर्नची नक्कल केली. टॅक्सी, देरा, देरा, असं ओरडले. हमदुल्लाने मान वर केली नाही.

पहिल्या फेरीत मी एका उघड्या छोट्या गाडीला मागे टाकलं. दुसऱ्या फेरीत एका डॉक्टरच्या गाडीला. हसणं थांबलं. मित्रांनो, माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. इतकी वर्षं मी बाळंतिणी नेल्या, सुक्या मासळीची पोती नेली, एकदा तापाने फणफणलेल्या माणसाला वेळेत इस्पितळात पोहोचवलं, तेव्हा कुणी टाळी वाजवली नव्हती. ती गोडी मला लागली हे मी लपवणार नाही. ज्याने 'चार चाकं' म्हटलं होतं तो साहेब स्वतः उठला आणि म्हणाला, "वन मोर, हमदुल्ला." त्याने नाव घेतलं.

तिसऱ्या फेरीला तोच साहेब शेजारी होता. पाव मैलाची रेषा आम्ही बरोबरीने ओलांडली. तिथे पाय उचलायचा. साहेबाने उचलला. हमदुल्लाने उचलला नाही, कोण पुढे हे त्याला सगळ्यांना स्पष्ट दाखवायचं होतं. पिंप मागे पडले. मग त्याने ब्रेक मारला, आणि माझ्याखाली पापुद्रा फुटला. पुढची दोन्ही चाकं चिखलात गेली आणि मी नाकावर बसले.

हमदुल्ला खाली उतरला आणि सवयीने डिकीकडे धावला. डिकी रिकामी होती.

साहेब लोक मदतीला आले, हेही सांगायला हवं. त्यांनी पुढच्या आक्सलला दोर बांधला आणि ट्रकने एकदम ओढलं. आक्सल मोडला. चिखलातली गाडी हळूहळू, फळ्या सारत काढायची असते. मग पाणी वर येऊ लागलं आणि ऊनही चढलं. मडमांना उशीर होत होता. दोन तास झाल्यावर ते हळहळले, माझा एक फोटो काढला आणि गेले.

मशिदीत बातमी कळल्यावर मोहिद्दीन नमाज आटोपून दुसऱ्याच्या गाडीने आला. शेवटचा मैल चालत आला. तोवर खारं पाणी माझ्या इंजिनात शिरलं होतं.

"फळ्या कुठे आहेत?" त्याने विचारलं.

"काढून ठेवल्या."

"का?"

"हलकी करायला."

मोहिद्दीनने पाण्याकडे पाहिलं. "खलास," एवढंच म्हणाला. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याने मुंबईला तार केली, येऊ नका म्हणून. मायलेकी मुसाफिरखान्यातून गावी परतल्या. खोली दुसऱ्या कुणाला गेली. मोहिद्दीन बंदरावर गोणी उचलायला लागला आणि अकरा जणांच्या खोलीत राहायला गेला. मला आठ दिवसांनी गाढवं लावून बाहेर काढलं, पण मिठाने आतलं सगळं खाल्लं होतं.

ती नुसती चाचणी होती, मित्रांनो. बक्षीस नव्हतं. पण हमदुल्लाला मिळालं. महिन्याभरात साहेबाने त्याला हेड फिटर केलं, वर्षाला रजा आणि जाण्यायेण्याचं तिकीट दिलं. तो दोनदा गावी जाऊन आला. शहनाझला बाहुली नेली, खांद्यावर बसवून समुद्रावर फिरवलं. त्याने मोहिद्दीनला मदत देऊ केली, मोहिद्दीनने घेतली नाही.

चार वर्षं गोणी उचलून मोहिद्दीनने एक खोली घेतली आणि गेल्या महिन्यात अखेर बिलकीस आणि शहनाझ आल्या. हमदुल्ला दर जुम्म्याला इथे येतो, ओल्या फडक्याने माझी काच पुसतो आणि बोलत बसतो, तेव्हा त्याने सांगितलं. तो आणि मोहिद्दीन धक्क्यावर उभे होते. सात वर्षांची शहनाझ होडीतून उतरली आणि धावत आली ती हमदुल्लाकडे. "मामू" म्हणून त्याला बिलगली. बिलकीस म्हणाली, "अगं, बाबांना सलाम कर." मुलीने मोहिद्दीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "सलाम चाचा." मोहिद्दीनने सलाम घेतला, तिची ट्रंक उचलून डोक्यावर ठेवली आणि पुढे चालू लागला. हमालाची सवय.

हे सांगताना हमदुल्ला रडला. गुन्हा माझा आहे, असं चार वर्षांत तो शंभरदा बोलला असेल. मला. या भिंतीमागे, करडांच्या देखत.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. ज्या वस्तूवर घर चालतं तिला टाळ्यांसाठी पळवू नका. पळवलीच आणि ती मोडली, तर तिच्या काचा पुसत बसू नका. मी लोखंड आहे, माझ्याकडे माफी मागून काय मिळणार? मोहिद्दीनचं घर इथून दहा मिनिटांवर आहे. हमदुल्ला तिथे अजून गेलेला नाही.