टेबलावरचा ठेका

मित्रांनो, मला ओळखलंत? कसं ओळखणार म्हणा! मी एक जुना माइक. रंग उडालाय, जाळीला पोचे पडलेत. पण एके काळी माझा काय रुबाब होता! ज्या रॉक अल्बमवर तुमचे आजीआजोबा बेभान नाचले, त्यातले ड्रम माझ्यासमोरच वाजले. "याचे कान भारी तिखट," असं रेकॉर्डिंग करणारे म्हणायचे.

पुढे नवे माइक आले. माझी रवानगी ड्रमवाल्याच्या घरी, कपाटावर झाली.

यंदा त्या अल्बमवर पॉडकास्टची मालिका निघाली. निवेदिका म्हणाली, "काका, या ना बोलायला. आणि हा माइकही आणा, टेबलावर शोभून दिसेल." म्हातारा हरखला. त्याला एकच गोष्ट सांगायची होती. पहिल्या गाण्याचा तो गाजलेला ठेका त्याचा नव्हताच. धाकट्या बहिणीने जेवता जेवता टेबलावर बोटांनी वाजवून दाखवला होता. अल्बमवर तिचं नाव कुठेच नाही, आणि आता तीही नाही.

स्टुडिओत मला मधोमध ठेवलं. वायर मात्र जोडली नाही.

"काका, तो ठेका सुचला कसा?"

"मला कुठला सुचतोय! माझ्या धाकटीचा तो. ती अशी बसायची आणि..."

तो बोलता बोलता थांबला. मग त्याने तो ठेका टेबलावर बोटांनी वाजवला, अगदी हलक्या हाताने, तिच्यासारखा. मी शहारलो.

फोटोसाठी मला तिथेच ठेवून घेतलं, म्हणून पुढचं माझ्यादेखत घडलं. टेबलाचा खडखडाट आणि बोलण्यातली शांतता उडवायची, हा संकलकाचा रोजचा शिरस्ता. ठेका गेला. उरलेलं उत्तर अर्धवट वाटलं, म्हणून तेही गेलं. अरे, थांब रे बाबा, असं ओरडावंसं वाटलं. पण मी पडलो शोभेचा!

मग मी घरी परतलो. तो भाग आला तेव्हा म्हाताऱ्याने मला शेजारी घेऊन फोनवर ऐकला. निवेदिका आपल्या कॉलेजच्या आठवणीच सांगत बसली. शेवटी म्हणाली, "आणि हा अजरामर ठेका ज्यांना सुचला, ते आपले ड्रमर काका!"

त्याचा चेहरा उतरला. त्याने लगेच तिला फोन लावला. "अगं, माझ्या धाकटीचं काय?"

"टेबलाचा आवाज फार येत होता हो, काका. आता भाग सगळीकडे गेला. पण तुमचं कौतुक झालं की!"

"मला नको गं ते," म्हणून त्याने फोन ठेवला.

मित्रांनो, मला हात असते तर जोडून सांगितलं असतं. कुणी बोलता बोलता थांबलं, तर लगेच कात्री लावू नका. थोडं थांबा.

हल्ली तो रोज माझ्यासमोर बसून टेबलावर बोटं वाजवतो आणि विचारतो, "तू तरी ऐकलंस ना रे?"

ऐकलं. पण त्याला हो म्हणायला मला तोंड नाही.