पुरावा जोडावा

मार्करचं निळं टोपण तिनं मुठीत इतकं घट्ट दाबलं होतं, की तळहातावर गोल वळ उमटला, आणि त्या वळाकडे बघत बघतच ती म्हणाली, "नाही. अजून तरी तसं काही झालेलं नाही."

खोटं इतकं अलगद निघालं की तिलाच क्षणभर खरं वाटलं.

समोर बावीस प्राध्यापक बसले होते. विद्यार्थ्यांच्या मेलना आपोआप उत्तरं देणारा 'एजंट' संगणकावर कसा बनवायचा याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण, संगणकांची लांबट खोली, बंद न होणारा पंखा. प्रश्न विचारला होता वनस्पतीशास्त्राच्या बाईंनी. पुढच्या वर्षी निवृत्त होणार, चष्मा दोरीला बांधलेला, आणि सकाळपासून वहीत सगळं हातानं लिहून घेणाऱ्या त्या एकट्याच. "मॅडम, तुमच्या ह्या एजंटानं कधी एखाद्या विद्यार्थ्याचं वाईट केलंय का हो?" कुठेही खोच नाही, एखाद्या झाडाची पानं विषारी आहेत का असं विचारावं तसं.

बाईंनी मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल? 'वाईट केलेलं नाही' असं?... माझ्या शब्दावर त्यांनी ते शाईनं लिहून ठेवलं.

ती पुढे बोलत राहिली. बोलणं आता इतकं पाठ होतं की तोंड आपलं काम करी आणि मन भलतीकडे भटके. एजंट म्हणजे नुसता उत्तरं देणारा नव्हे, ती सांगत होती, तो विद्यार्थ्याचा मेल वाचतो, नियम तपासतो, तारीख ठरवतो आणि उत्तर पाठवून मोकळा होतो. तुम्ही फक्त त्याला सूचना लिहून द्यायच्या, साध्या भाषेत, नव्या कारकुनाला सांगाव्यात तशा — आणि मागच्या वर्षी तिनं स्वतः एका विभागासाठी लिहिलेली सूचना तिला दिसायला लागली, अक्षर न् अक्षर: 'कारण कोणतेही असो, मुदतवाढ देण्याआधी पुरावा मागावा.'

ती ओळ कुठून आली हेही तिला पक्कं ठाऊक होतं. शिकवायला लागली त्या पहिल्या वर्षी एका विद्यार्थ्याच्या तीन आज्ज्या वारल्या होत्या. पहिल्या दोघींना ती हळहळली, तिसरीला तिनं हात जोडले. हा किस्सा ती प्रत्येक वर्गात सांगते. आज सकाळीही सांगितला, आणि सगळे खळखळून हसले. बाईसुद्धा.

आणि मागच्या वर्षी त्या विभागातल्या एका मुलीची आई मात्र एकदाच गेली होती.

अकरा मेल. विभागाला दाखवायचा अहवाल तयार करताना तिनं एजंटाच्या नोंदी उघडल्या, तेव्हा सापडले, तीन आठवडे उशिरा. पहिला मेल चांगला पानभर: आईचं आजारपण, दवाखाना, धाकट्या भावाची शाळा, प्रकल्प अर्धा झालाय, पंधरा दिवस मिळतील का. उत्तर चार सेकंदांत: आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, कृपया मृत्यूचा दाखला जोडावा. दाखला अजून मिळाला नाही, मुलीनं लिहिलं. आम्ही समजू शकतो, कृपया दाखला जोडावा. मग तिचे मेल आखूड होत गेले, पाच ओळी, दोन ओळी, एक... आणि अकरावा: 'तिथे कोणी आहे का?'

'हो, मी आपल्या मदतीसाठी सदैव उपलब्ध आहे.'

त्यानंतर काही नाही. सत्राच्या यादीत त्या मुलीपुढे 'प्रवेश रद्द'.

तिनं त्या दिवशी काय केलं? ती ओळ खोडली, नवी लिहिली. अहवालात 'किरकोळ सुधारणा' असं टाकलं. विभागप्रमुख म्हणाले, "वा, तुम्ही तर आमची डोकेदुखीच घालवलीत!" आणि ती हसली. चहाही घेतला. साखर कमी आहे असंसुद्धा म्हणाली — हे का आठवावं?

दुपारी प्रत्येकानं आपापला एजंट बनवायचा होता. ती खुर्च्यांमधून फिरत बाईंपाशी आली. बाईंनी पडद्यावर एकच वाक्य टंकलं होतं, बोटानं अक्षरं शोधत शोधत: 'मुलं रडत असतील तर मला बोलवावे.'

"बाई, त्याला रडणं कळणार नाही."

"मग न कळणारं सगळं माझ्याकडे पाठव म्हणावं. मी बसलेलीच असते."

"तुमच्याकडे ढीग येईल."

"येऊ दे की. झाडांना कुठे घाई असते!" त्या स्वतःच्याच विनोदावर हसल्या, आणि मग तिच्याकडे बघून थांबल्या. "बरं नाही का तुम्हाला?"

"नाही, नाही. पंख्याचा वारा लागतोय."

एवढं एक वाक्य. एवढंच तर लिहायचं होतं मला. दहा वर्षं शिकवलेलं, दोन पदव्या, आणि मला सुचलं काय, तर पुरावा. यंत्र निर्दय असतं असं लोक म्हणतात; त्या बिचाऱ्याला काय माहीत निर्दयपणा, ते तर आज्ञाधारक होतं. संशय माझा होता. मी तो फक्त यंत्राला शिकवला, आणि त्यानं तो माझ्यापेक्षा विनम्र भाषेत, न थकता, अकरा वेळा...

पाच वाजता खोली रिकामी झाली. बाई दारात पिशवीत वही सरकवत होत्या, आणि ती काही ठरवण्याआधीच शब्द बाहेर पडले.

"बाई, सकाळी मी खोटं बोलले. झालंय तसं. एकदा."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, आई, दाखला, अकरा मेल. सांगताना तिला वाटत होतं की बाई रागावतील, किंवा पाठीवर हात ठेवून 'असू दे हो' म्हणतील. दोन्हींची तिनं तयारी केली होती.

बाईंनी विचारलं, "नाव काय त्या मुलीचं?"

तिनं तोंड उघडलं. विद्यार्थी क्रमांक आठवत होता, आठही आकडे, तारीख आठवत होती, चार सेकंद आठवत होते.

"मला... बघावं लागेल."

"बघा," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच अवघड होतं. "आणि माझ्या वहीत मी काय खोडू, तेही उद्या सांगा सगळ्यांसमोर. मी एकटीनं खोडून काय उपयोग?"

त्या गेल्या. ती परत संगणकाशी बसली, जुनी यादी उघडली, क्रमांकावरून नाव शोधलं. साधंच नाव होतं, तिच्या एका मावसबहिणीचं होतं तेच. तिनं ते एकदा मोठ्यानं उच्चारून बघितलं. शेजारच्या रकान्यात फोन नंबर. मेल लिहावा का? पण मेलच्या पहिल्या ओळीसाठी जे जे सुचत होतं ते सगळं एजंटानं आधीच लिहून टाकलं होतं.

तिनं नंबर लावला.

रिंग वाजायला लागली. एक. दोन. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. कोण म्हणून सांगायचं तेही नाही. तिसरी रिंग वाजली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण श्वास रोखून वाट बघतो आहोत ती फोन उचलला जाण्याची नाही. तो उचलला जाऊ नये याची. मग म्हणता येईल, मी केला होता फोन. नोंदही राहील तशी... हे असं मनात आलं, आणि आलं ते तिनं स्पष्ट पाहिलं, आणि तरीही फोन कानापासून काढला नाही.

चौथी.