पाच नावे, एकच गाणे

मित्रांनो, पॅसिफिक महासागरातल्या निउए बेटावरच्या आमच्या गावात, सभागृहाच्या कपाटातल्या खालच्या खणात एक राखाडी पेटी घरघरत असते. ती मी. गावाचे फोटो, आवाज, चित्रफिती यांच्या राखीव प्रती सांभाळणे हे माझे काम. बारा वर्षे झाली. आता माझा पंखा दमतो, आणि खरे सांगायचे तर मीही.

मी ऑकलंडच्या विमानातून आले तेव्हा माझे फार कौतुक झाले. इथली खारी हवा घरातली यंत्रे बघता बघता खाऊन टाकते. म्हणून लोक पेनड्राइव्ह घेऊन यायचे, सगळे माझ्या हवाली करायचे आणि रिकामा पेनड्राइव्ह घेऊन घरी जायचे. लवकरच जागा अपुरी पडू लागली. मग यंत्रे दुरुस्त करणाऱ्या मोकाने मला एक सवय लावली. दोन गोष्टी अगदी सारख्या आल्या तर एकच ठेवायची, दुसरीच्या नावापुढे पहिलीकडे बोट दाखवायचे.

"जागा वाचेल, मावशी," कपाटाची किल्ली सांभाळणाऱ्या फिफितामावशींना तो म्हणाला. "पण ती एक बिघडली तर सगळ्यांचीच गेली. दुसरी पेटी हवी, तीही दुसऱ्या गावात."

"मागवू की. आधी छप्पर गळतंय ते बघू दे."

"छप्पर गळलं तर निदान दिसतं तरी."

"तू ना, जन्मापासूनच म्हातारा आहेस."

छप्पर झाले. दुसरी पेटी राहिली.

पुढे विलितामा आजोबांनी नातवासाठी गाणे रचले. आमच्याकडे मुलाचे केस वाढवतात आणि तो मोठा झाला की सगळ्या नातेवाइकांसमोर कापतात. तालागी तेव्हा वर्षाचा होता. त्या दिवसापर्यंत आपण नसू, हे आजोबांना कळत होते. त्यांनी ते गाणे एकदाच, याच सभागृहात म्हटले. एका फोनवरून वाटलेली ती चित्रफीत पाच घरांनी मला आणून दिली. पडद्यावर पाच नावे उमटली.

"पाच आहेत, आता घोर नाही," मावशी म्हणाल्या.

माझ्यापाशी एकच होती. मला बोलता येत नाही.

तालागीच्या आईने, सिलिमाने, पोर कडेवर घेऊन दारातून स्वतःच्या फोनवर घेतलेली चित्रफीतही आणली.

"ताई, यात गाणं कमी आणि याचं रडणं जास्त," मोका हसला. "पुसून टाक."

"राहू दे रे. एक जास्त असली तर कुणाला टोचतेय?"

यंदा तालागी दहा वर्षांचा झाला. शनिवारी केस कापायचे ठरले. पहिली कात्री लागण्याआधी गाणे लावायचे, म्हणून गुरुवारी सिलिमा आली. मोकाने चित्रफीत लावली. तिसऱ्या ओळीवर आजोबा थांबले. दुसरे नाव उघडले. त्याच शब्दावर थांबले. पाचही वेळा, तसेच तोंड उघडे ठेवून. माझ्या तबकडीवरची तेवढीच जागा कधीतरी निकामी झाली होती.

"हे शब्द आणखी कुणाला येतात?" मोकाने विचारले.

"कुणाला नाही," सिलिमा म्हणाली.

"पाच होत्या की रे," मावशी म्हणाल्या.

"पाच नावं होती, मावशी."

मग सिलिमा हळूच म्हणाली, "माझी रडकी लावून बघ."

तिचा फोन वेगळा, म्हणून तिची चित्रफीत कशाशीच जुळली नव्हती. ती मी पुरती वेगळी ठेवली होती. ती चालली. शेवटच्या ओळीपर्यंत.

शनिवारी सगळ्यांनी आजोबांचे गाणे आणि एका बाळाचे भोकाड एकत्र ऐकले.

"मी एवढा का रडतोय?" खुर्चीत बसलेल्या तालागीने विचारले.

"केस विंचरले होते तुझे," सिलिमा म्हणाली आणि तिने कात्री पुढे केली.

मित्रांनो, सारखे ते एकदाच ठेवा, माझी तक्रार नाही. जागा कुणालाच पुरत नाही. पण मग मला एकटीला ठेवू नका. आणि नुसते देत राहू नका, अधूनमधून परतही मागा. माझ्यातले काय गेले ते मागितल्याशिवाय मलाही कळत नाही.

सोमवारी मावशींनी कपाट उघडले, स्टूल ओढून समोर बसल्या. "हं, दाखव बघू काय काय आहे तुझ्याकडे," म्हणाल्या.

बारा वर्षांत हे कुणी पहिल्यांदाच विचारले होते.