तीन तास दारावर

मी एक जुनी पितळी पाटी आहे. जुनी म्हणजे वयाने सातच वर्षांची. पण मित्रांनो, त्यातली जवळजवळ सगळी वर्षं मी कपाटात, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली काढली आहेत, आणि वाट पाहणाऱ्याचं वय लवकर वाढतं. पाटीचं काम तसं सोपं. दारावर राहायचं आणि आल्यागेल्याला सांगायचं, इथे अमुक राहतात. ते सोपं कामसुद्धा मला परवापरवापर्यंत फक्त तीन तास करायला मिळालं होतं. ते का, हे आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म ठाण्यातला. कोर्टाच्या मागच्या गल्लीत देवराम नावाच्या कारागिराचं दुकान आहे, तिथे मला कापलं, घासलं, कोरलं. दुकानात वकिलांच्या पाट्या पुष्कळ. सगळ्या भारी तोऱ्यात असत. मी तेव्हा नुसता पितळेचा पत्रा होते, त्यामुळे गप्प बसायचे. मग एका दुपारी निळ्या शर्टातले एक गृहस्थ आले. हे सीताराम भालेराव, कोलशेतच्या एका कारखान्यात फिटर. कामावरून तसेच आले होते. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"हे नाव कोरायचंय. सी.ए. दीप्ती सीताराम भालेराव. माझी मुलगी. काल निकाल लागला, पास झाली."

"मग प्लास्टिक नका घेऊ," देवराम म्हणाले. "पितळ घ्या. पिढ्या काढेल."

त्यांनी मला निवडलं. एक एक अक्षर कोरून त्यात काळा रंग भरला. सर्वांत आधी, माझ्या डाव्या अंगाला, 'सी.ए.' ही दोन अक्षरं आली. खोटं कशाला बोलू, त्या दोन अक्षरांनी माझी मान ताठ झाली. वकिलांच्या पाट्यांकडे मी त्यानंतर ढुंकून पाहिलं नाही.

भालेराव तेव्हा कल्याण पूर्वेला एका चाळीत राहत. सीतारामांनी मला दारावर लावलं ते फिटरच्या हिशेबाने, लेव्हल ठेवून, चारही स्क्रू सारखे आवळून. दुपारचे चार वाजले होते. शेजारच्या शेवंतीमावशी पदराला हात पुसत आल्या आणि त्यांनी मला मोठ्याने वाचलं. मग गॅलरीतली सगळीच माणसं येऊन वाचू लागली. जाईबाईंनी, म्हणजे दीप्तीच्या आईने, पेढे वाटले. एक लहान मुलगी आईच्या कडेवरून हात लांब करून माझी अक्षरं चाचपत होती. मित्रांनो, पाटीला याहून जास्त काय हवं असतं? ते तीन तास मी अजून विसरलेले नाही.

सात वाजता दीप्ती क्लासवरून आली. वीस वर्षांची, खांद्याला जड सॅक. दारात थांबली, मला वाचलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"पप्पा, ही काढा आधी."

"का गं? नाव चुकलं का?"

"नाव बरोबर आहे. त्याच्या पुढचं चुकलं. मी सीए झालेली नाहीये अजून."

"म्हणजे तू नापास?"

"पास आहे हो. पण इंटर पास आहे. बारावीनंतर फाउंडेशन दिली, ती पहिली पायरी. ही दुसरी. आता तीन वर्षं एखाद्या सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप, म्हणजे काम करत शिकायचं. मग फायनल, तिचे दोन ग्रुप. ते सुटले की इन्स्टिट्यूटकडे सभासद म्हणून नाव नोंदवायचं. तेव्हा कुठे नावाआधी ही दोन अक्षरं लावता येतात. आज लावली तर नियमाने चूक आहे, पप्पा. माझ्यावर कारवाई होऊ शकते."

गॅलरीतली माणसं हळूहळू आपापल्या घरात गेली. पेढ्याचा बॉक्स अर्धा उरला होता. जाईबाई नवऱ्याला म्हणाल्या, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पोरीला एका शब्दाने विचारायचं तरी."

सीताराम ओशाळले, पण हसले. सगळी चाळच "सीए झाली, सीए झाली" म्हणत होती, त्यात त्यांचं एकट्याचं काय चुकलं? त्यांनी स्वतःच मला उतरवलं, चार स्क्रू काडेपेटीत ठेवले आणि म्हणाले, "चार वर्षं ना? जातील निघून. पाटी तयार आहे, हे काय कमी आहे?"

हे वाक्य ते अगदी प्रेमाने बोलले होते. ते दीप्तीला किती जड जाणार आहे, हे त्यांना कळलं नाही. मलाही नाही.

आर्टिकलशिपची तीन वर्षं मी कपाटातून ऐकली. कपाटाचं दार नीट लागत नसे, त्या फटीतून घरातलं बोलणं यायचं. दीप्ती ठाण्याला एका सीएंच्या ऑफिसात जायची. कधी ऑडिटसाठी भिवंडीच्या गोदामात माल तपासायला धाडायचे, आणि ती केसांत धूळ घेऊन घरी यायची. जेवताना मात्र खुशीत असायची. "आज सरांनी माझा रिपोर्ट एकही खूण न करता सही केला," असं एकदा म्हणाली, तेव्हा मी कपाटात फुलून गेले. वाटलं, आता घोडामैदान जवळच आहे.

मधे भालेराव टिटवाळ्याला नव्या इमारतीत राहायला गेले. तिसरा मजला, कोरं करकरीत दार. मी म्हटलं, हेच ते माझं दार. पण मला कपाटातून काढून परत कपाटातच ठेवलं. बरं, सीतारामांनी दुसरी पाटीही लावू दिली नाही. जाईबाई म्हणाल्या, "अहो, तुमच्या नावाची साधी लावा तोवर. कुरियरवाला रोज खालून फोन करतो." त्यावर सीताराम म्हणाले, "या दारावर पाटी लागेल ती एकच." मजल्यावर चार दारं. तीन दारांवर नावं, आमच्यावर नुसता नंबर.

मग फायनल सुरू झाली. तेव्हा परीक्षा वर्षातून दोनदा असायची, आणि निकालाच्या आदल्या दिवशी जाईबाई वाटीत चिंच भिजत घालायच्या. पितळ चिंचेनेच लख्ख होतं ना. इतर घरांत देव पाण्यात घालून बसतात, आमच्या घरी चिंच पाण्यात पडायची. मला लुगड्यातून काढायचं, चिंचेचा कोळ लावून बोटाने हलकेच घासायचं, अक्षरांतला रंग जाऊ नये म्हणून जपायचं. त्या वासानेच मला कळायचं की उद्या निकाल आहे. माझा जीव टांगणीला लागायचा. रात्रभर मनात दार यायचं.

पहिल्या खेपेला दोन्ही ग्रुप गेले. दुसऱ्या खेपेला पहिला ग्रुप सुटला, तेव्हा घरात श्रीखंड झालं. तिसऱ्या खेपेला दुसऱ्या ग्रुपच्या एका पेपरात सदतीस मिळाले, हवे होते चाळीस. चौथ्या खेपेला सगळ्या पेपरांत चाळिसाच्या वर होते, पण एकूण बेरीज पन्नास टक्क्यांना पाच गुणांनी कमी पडली. तेवढ्यात अभ्यासक्रम बदलला. खुणा करून करून फुगलेली पुस्तकं बांधून माळ्यावर गेली आणि नवी आली. पाचव्या खेपेलाही दुसरा ग्रुप राहिलाच. प्रत्येक निकालानंतर सीताराम म्हणायचे, "काही नाही गं, पुढच्या वेळी. पाटी तयार आहे." आणि मला पुन्हा लुगड्यात गुंडाळायचे.

खरं सांगते, मला दीप्तीचा रागसुद्धा आला. तीन मार्क, पाच मार्क, तेवढ्यासाठी मी इथे कुजायचं? एवढी का ही पोर कमी पडते? कपाटात पडून पडून पितळेलाही कडूपणा येतो.

मग सहावी खेप आली. जाईबाईंनी नेहमीसारखी चिंच भिजवली. दीप्ती कामावरून आली. आता ती ठाण्याला एका कंपनीत अकाउंट्स सांभाळत होती आणि सुट्टीच्या दिवशी डोंबिवलीला अभ्यासिकेत जाते असं घरी सांगत होती. तिने ओट्यावरची वाटी पाहिली.

"आई, ती चिंच आमटीत टाक."

"असं काय बोलतेस? उद्या निकाल ना?"

"नाहीये. मी परीक्षेला बसलीच नाही. फॉर्मच भरला नव्हता."

जाईबाईंनी वाटी मागे सरकवली. "मग अभ्यासिकेत कशाला जायचीस?"

"जायची आणि नुसती बसायची. पुस्तक उघडायची आणि तेच पान दोन-दोन तास समोर धरायची."

"अगं, मग सांगायचं ना आम्हाला."

"कसं सांगणार आई? तुम्ही कधी रागावला असता तर भांडले असते. पण तुम्ही रागावत नाही. पप्पा नुसतं म्हणतात, पाटी तयार आहे. ती कपाटात असेपर्यंत मला नको म्हणता येत नाही. थांबले तरी नापास, नाही थांबले तरी नापास. मला थोडे दिवस नुसतं दीप्ती राहू दे गं."

मित्रांनो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी इतकी वर्षं या मुलीच्या छातीवर बसले होते. मी स्वतःला तिची शाबासकी समजत होते. माझी फार लाज वाटली मला.

सीताराम बाहेरच्या खोलीत होते. त्यांनी सगळं ऐकलं. ते आत आले नाहीत, टीव्ही तेवढा बंद केला.

दुसऱ्या दिवशी दीप्ती कामाला गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं. ते आता निवृत्त झाले होते, पण त्यांची हत्यारं पेटीत तेल लावून ठेवलेली असत. त्यांनी मला गॅलरीत नेऊन पाटावर ठेवलं, 'सी.ए.' आणि 'दीप्ती' यांच्या मधे पेन्सिलीने रेघ मारली आणि हॅक्सॉ काढला.

जाईबाई धावत आल्या. "अहो, काय करताय? परत जोडता नाही यायचं."

"माहिती आहे. चाळीस वर्षं हेच काम केलंय. तू दुसरीकडून धर."

त्यांनी धरलं. करवत चालू लागली. सीतारामांचा हात कधी थांबत नसे म्हणतात, त्या दिवशी चार वेळा थांबला. मला दुखलं, फार दुखलं. जिच्यामुळे माझी मान ताठ होती ती दोन अक्षरं माझ्यापासून सुटली आणि पाटावर खणकन पडली. सीतारामांनी माझी कड कानशीने घासली आणि कडेला नवी भोकं पाडली. मग त्यांनी मला दारावर लावलं.

संध्याकाळी दीप्ती आली. दारावर लिहिलं होतं, 'दीप्ती सीताराम भालेराव'. ती बराच वेळ वाचत राहिली. एवढं वाचण्यासारखं माझ्यावर काही उरलं नव्हतं.

सीताराम दारात आले. कापलेला तुकडा त्यांनी तिच्या हातावर ठेवला. "हा तुझा. लावायचा की नाही, ते तू बघ. मी विचारणार नाही. हे घर तुझ्या नावाचं आहे, तू काही असलीस तरी."

दीप्तीने मूठ मिटली. ती चप्पल न काढता जिन्याच्या पायरीवर बसली. वडीलही गुडघे सांभाळत तिच्या शेजारी बसले. जाईबाई दोनदा चहाला हाक मारून गेल्या, तरी दोघं उठली नाहीत.

आज मी दारावर आहे. कुरियरवाला खालून फोन करत नाही. मी एका बाजूला आखूड दिसते, येणारे-जाणारे कधी कधी माझ्या कडेवर बोट फिरवून विचारतात, इथे काही होतं का? मित्रांनो, तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी ताई, कुणी दादा अशी लांबलचक परीक्षा देत असेल, तर त्यांच्यासाठी आधीच पाट्या कोरून ठेवू नका. "कुठवर आलं?" असं विचारण्याऐवजी "जेवलीस का?" असं विचारा. पायऱ्या किती आहेत ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

तो तुकडा तिने कुठे ठेवला, ते मला ठाऊक नाही. पर्समधे असेल, ऑफिसच्या खणात असेल, खाडीत टाकला असेल. मला त्याची फार आठवण येते, रोज येते. पण ती कामावरून येते, माझ्याशेजारी किल्ली फिरवते, तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे मी निरखून पाहते आणि गप्प राहते. या घरात आता कुणीच विचारत नाही, आणि मी तर तिच्याच नावाची आहे.