मामंजींचे दात

कट्... कटकट्.

दुपारच्या शांततेत आवाज झाला, तसे खोलीभर दाटून बसलेल्या शेजारणींचे हात आपोआप जोडले गेले. जुन्या कॉम्प्युटरसमोर देवाजी बाबा डोळे मिटून डोलत होते.

"ऐकलं? चंपतराव दात खाऊन राह्यले! सुनेचा हात लागला का जीव घुसमटते त्यायचा."

रंजीता लेकीला, स्वराला, कडेवर घेऊन दाराशी उभी होती. कॉम्प्युटर तिच्या वारलेल्या सासऱ्यांनी, चंपतरावांनी घेतलेला. पोर झोपली की ती त्यावर लग्नपत्रिका रचायची. मावला गावातल्या या घरात तेवढंच तिचं स्वतःचं होतं. अलीकडे मशीन कटकटायची, अडायची. बाबांनी अंगारा लावला की दिवसभर झरझर चालायची. आता बाबांचा शेवटचा उपाय होता, सुनेनं मशीनला शिवायचंच नाही.

"मेन खटका पाडा," बाबा म्हणाले. "आत्म्याले गारवा लागते."

रंजीता चमकली. दसऱ्याला पूजा झाल्यापासून सासूबाई, मनकर्णाबाई, मशीन बंद करूच देत नव्हत्या. लक्ष्मी बंद करायची नसते म्हणून सगळे नुसता पडदा काळा करत. बंद व्हायची ती फक्त बाबा आले की!

"बाबा, आज खटका न पाडता लावा ना अंगारा."

"लावा नं," शेजारची सोनाबाई फिसकन हसली. "मंतराले लाइटीची काय अडचण?"

बाबांनी अंगारा फासला, फुंकर मारली, कीबोर्डवर लिंबू फिरवलं.

कटकट्. कट्.

"अवसेचं वारं हाये आज," बाबा म्हणाले.

"काल तं चतुर्थी सोडली आमी!" सोनाबाई म्हणाली.

मग रंजीतानं मशीन रीतसर बंद करून सुरू केली. ना अंगारा, ना लिंबू. आवाज गेला. ती सासूबाईंकडे वळली.

"आत्याबाई, ओटा भरला का आपण भांडे कोठीत नेऊन ठेवतो, लागले का परत आणतो. हिचंही तसंच. मेमरी लहान, भरली का हार्ड डिस्कमधला कोपरा वापरते. व्हर्च्युअल मेमरी म्हणतात त्याले. बंदच होत नव्हती, तं ओटा रिकामा होईना. आन लग्नाच्या व्हिडिओंनी कोठीही गच्च. हा आवाज त्या धावपळीचा."

तिनं दोन-दोनदा साठवलेले व्हिडिओ काढले, त्या कोपऱ्याला जागा वाढवून दिली.

"शंका आली का गुण येत नाही," पुटपुटत बाबांनी झोळी उचलली.

"कोणी चमत्कार दाखवला," रंजीता बायांना म्हणाली, "तं हात जोडायच्या आधी एवढंच पाहा, त्याच्यातली एक गोष्ट, आज खटका काढला तशी, काढून घेतली तरी तो होते का?"

बाया पांगल्या. मनकर्णाबाई मात्र पडद्याकडे बघत राहिल्या.

"म्हंजे... हे आतमधी नाहीत?"

"नाहीत, आत्याबाई."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग मशीनवर चादर टाकली, कडा नीट खोचल्या. "तरीबी राहू दे. तू नको बसू आता तिच्यावर."

स्वरानं आईची हनुवटी आपल्याकडे वळवली.

"आई, आबा आत नाहीत नं? मंग आजी तुले बसू काऊन देत नाही?"