मीटरला एकोणीस मिलिमीटर

गाडी सपाट जमिनीवर उभी केली, की तिच्यातले जेवणाचे टेबल, दोन्ही पलंग, शेगडीचा ओटा आणि भिंतीतल्या सातही फळ्या डाव्या अंगाला झुकत. झुकाव सगळीकडे एकच होता: मीटरला एकोणीस मिलिमीटर.

गाडी म्हणजे पंचावन्न वर्षांपूर्वीचे मोटारहोम. ट्रकच्या सांगाड्यावर पत्र्याचे अंग, आणि आत स्वयंपाकघर, निजायची जागा, इवलेसे न्हाणीघरसुद्धा. एका लहान कारखान्याने अशा तीनच बांधल्या. पहिल्या दोन कुणाकडे आहेत हे जाणकारांना ठाऊक होते. तिसरी कधीच मोडीत गेली असे सगळे धरून चालले होते. ती निघाली एका बंद पडलेल्या रोपवाटिकेत, काचघरामागे, वेलींनी पार गिळलेली. जुन्या गाड्या जमवणाऱ्या एका गृहस्थाने ती ओढत आपल्या शेडमध्ये आणली. महिनाभर घासपूस केल्यावर एका खणाच्या तळाशी त्याला पेन्सिलीने लिहिलेले सुताराचे पूर्ण नाव आणि तारीख सापडली. त्या नावाचा माग काढत तो जिच्या दारात येऊन उभा राहिला, ती त्या सुताराची मुलगी.

ती वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाली होती. छत्तीस वर्षे तिने लोकांचे तराजू तपासले होते. बाजारातून जाताना अजूनही दोनचार दुकानदार तिला पाहताच सवयीने काट्यावरचा हात काढून घेत.

"मॅडम, तुमच्या वडिलांचं काम देखणं आहे हो," शेडचे दार ढकलत संग्राहक म्हणाला. "फक्त वाकडं आहे. चहा ओतला की डावीकडे बसलेल्याला सगळ्यांचा मिळतो." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने जीभ चावली. "म्हणजे, मी सगळं काढून सरळ बसवून घेणारच आहे."

"काढू नका," ती म्हणाली. "आठ दिवस थांबा. आधी मला मोजू द्या."

वाकडे असणार हे तिला नवे नव्हते. घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती आणि म्हणूनच कुणी ती काढत नसे. बाबा वीस वर्षे घरांची दारे, जिने आणि माळे करणारे सुतार. कारखान्याचा जुना सुतार सोडून गेला, तेव्हा तिसऱ्या गाडीसाठी त्यांना बोलावले. काम संपले, गाडी गिऱ्हाइकाला दाखवायला रस्त्यावर काढली आणि टेबलावरचा पेला घसरत जाऊन फुटला. मालक चारचौघांत म्हणाला, सुतार पिऊन काम करतो, अंगाला स्पिरिटचा वास येतो. त्यानंतर कुणी बाबांना काम दिले नाही. बाबा प्यायले, उघड प्यायले आणि अकरा वर्षांत त्यातच गेले. नोकरी गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. जे ऐकले, ते तिने मानले.

बापाला सोडवायचे असे मनात धरले तर मोजमाप बिघडते, हे ती जाणून होती. म्हणून तिने आरोपच खरा धरला आणि तो कुठे अडतो ते पाहायला सुरुवात केली.

तो लवकर अडला. पहिल्याच दिवशी तिने अकरा वस्तूंचे झुकाव घेतले. सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान यांच्यात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा फरक. प्यायलेला हात चुकतो तेव्हा कधी इकडे, कधी तिकडे, कधी थोडा, कधी फार. हा हात अकरा वेळा एकाच बाजूला, एकाच मापाने चुकला होता.

"स्प्रिंगा बसल्या असतील," संग्राहक म्हणाला.

"बसल्या असत्या तर सगळी गाडी कलली असती. फरशी सरळ आहे, खिडक्या सरळ आहेत. लाकूडच काय ते झुकलंय."

"मग त्यांची पाणसळ खोटी असेल. पातळी दाखवणारा बुडबुडा बाजूला सरकलेला."

हा विचार तिनेही केला होता. म्हणून दुसऱ्या दिवशी तिने प्रत्येक फळी लांबीच्या दिशेने, म्हणजे गाडीच्या पुढून मागे, मोजली. तिथे झुकाव शून्य. खोटी पाणसळ दिशा पाहून खोटे बोलत नाही. ती आडवी धरा की उभी, सारखेच फसवते. पाणसळ खरी होती.

त्या संध्याकाळी ती दादाकडे गेली. दादा तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. सुताराचा मुलगा असून त्याने जन्मात खिळा ठोकला नव्हता. जन्मभर टंकलेखन केले आणि घरातले दार कुरकुरले तरी बाहेरचा माणूस बोलावला.

"कशाला उकरतेस?" वहिनीने ठेवलेला चहा तिच्याकडे सरकवत तो म्हणाला. "पीत होते, संपलं. अख्ख्या गल्लीला माहीत आहे."

"गल्लीला काय माहीत आहे ते मला नको. घरात बाटली पहिल्यांदा कधी आली, ते सांग."

"तुझी नोकरी सुटली, पण चौकशी काही सुटत नाही."

"दादा, कधी?"

त्याने चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

"नोकरी गेल्यावर," तो अखेर म्हणाला. "तीनचार महिन्यांनी. आईनं ती मला दाखवली होती. आईलाही तोवर माहीत नव्हतं, म्हणून तर दाखवली." तो थांबला. "मी आजवर उलटं सांगत आलो गं. आधी बाटली, मग नोकरी. सांगून सांगून मलाच तसं आठवायला लागलं."

"आणि स्पिरिटचा वास?"

"लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्येच विरघळवतात. बाबांचे सदरे कायम त्याच वासाचे."

ती हे नोंदवून घेणार नव्हती. वासाचा पुरावा मागे उरत नाही. पण तिने विचारले, "ते स्वतः काय म्हणायचे?"

"एकच. शेवटपर्यंत. 'मी लावलं तेव्हा सरळ होतं.' रस्त्यावर त्यांनी स्वतः पुन्हा पाणसळ लावून पाहिली होती म्हणे. बुडबुडा बाजूला. त्यानंतर पाणसळ त्यांनी हातात धरली नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ना! आणि तरी तेच म्हणायचे. आम्हाला वाटायचं, दारू बोलते."

ती चहा न पिताच उठली. एखाद्या संशयिताचे वाक्य अक्षरशः खरे धरले तर काय निघते, हे तिने आजवर पुष्कळ दुकानांत करून पाहिले होते. बापाच्या बाबतीत कधीच नाही. लावले तेव्हा सरळ होते. म्हणजे लाकूड सरळ होते आणि गाडी वाकडी उभी होती.

संग्राहकाकडे कारखान्याचे जुने फोटो होते. पहिल्या दोन गाड्या छपराखाली, फरशीवर. तिसरी उघड्या अंगणात; मागचे दार उघडे, आत अर्धवट फळ्या आणि उजव्या चाकांना लागून गटाराची लोखंडी जाळी, तिची एक पट्टी तुटलेली.

"पण मॅडम, उतार डावीकडे हवा ना? सामान डावीकडे झुकलंय."

"उलट. गाडीचं उजवं अंग खाली असताना पाणसळीनं सामान बसवलं, तर गाडीच्या हिशेबानं त्याची उजवी बाजू वर राहते. गाडी सपाटीला आली, की डावी खाली."

त्याने तळहातावर तळहात ठेवून करून पाहिले.

कारखान्याच्या जागी आता दुधाचे कॅन धुतात. राखण करणारी बाई कमरेवर हात ठेवून दोघांना पाहत राहिली.

"पाणी टाकून बघा की, कुठं जातं ते! त्याला यंत्र कशाला?"

"किती जोरात जातं, ते हवंय," तिने सांगितले.

अंगण पूर्वीही गाड्या धुण्याचेच होते, म्हणून पाणी वाहून जाईल असे बांधलेले. जाळी तीच होती. तुटलेली पट्टी जागच्या जागी. सिमेंटचा नवा थर कुठे पडलेला नव्हता. तिने सहा ठिकाणी उतार घेतला. पाच ठिकाणी एकोणीस आले, एका ठिकाणी, जिथे सिमेंट झिजले होते, वीस. दोन मीटर रुंदीच्या गाडीत हा फरक चार सेंटीमीटरही होत नाही. डोळ्याला तो दिसत नाही. तिने सहाव्या ठिकाणी पुन्हा मोजले आणि मग बराच वेळ ती उकिडवीच बसून राहिली. बाईने न विचारता पाण्याचा तांब्या आणून दिला.

संग्राहकाने फळ्या सरळ करण्याचा बेत सोडला. गाडीसोबत ठेवायची टीप तिने लिहिली आणि आधी दादाला वाचायला दिली. त्याने ती दोनदा वाचली.

"शेवटचा शब्द गाळ," तो म्हणाला.

"नाही. तो गाळला तर बाकीचंही कुणी खरं धरणार नाही."

दादाने कागद परत दिला. टीप अशी होती:

या गाडीचे लाकूडकाम कारखान्याच्या गाड्या धुण्याच्या अंगणात झाले. अंगणाला गटाराकडे मीटरला एकोणीस मिलिमीटर उतार आहे आणि गाडीचे उजवे अंग उताराकडे होते. गाड्यांचे सुतार गाडीच्या फरशीवरून माप घेतात. हा सुतार घरांचा होता. घराखालची जमीन हलत नाही, म्हणून त्याने प्रत्येक वस्तू पाणसळीने बसवली आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आत अचूक बसवली. गाडी सपाट रस्त्यावर आल्यावर सर्व वस्तू तेवढ्याच मापाने डावीकडे झुकल्या. अंगणाला उतार आहे हे त्या वेळी कुणाच्या लक्षात आले नाही, सुताराच्याही.