गुरुदासचं नाक

"काकानू, डोळे चुरचुरतत ओ. बघा मां जरा," भक्ती दारातूनच म्हणाली. तिच्या मागे पॅकिंगच्या आणखी दोघीतिघी ओढण्या नाकाला लावून उभ्या होत्या, आणि वर भिंतीवर लावलेली ती नवी पेटी एकसारखी ठणाणा करत होती.

गुरुदास सारंगने स्टुलावर बसल्या बसल्याच मान वर केली, एक लांब श्वास ओढला आणि हात झटकला.

"काय नाय गो. नवीन आसस म्हणान तुका लागता. सवय होतली. जावा कामाक, बर्फ इतळता थंय."

पोरी गेल्या. देवगड बंदरावरच्या या बर्फाच्या कारखान्यात गुरुदासच्या नाकापुढे कोणी बोलत नसे. फार वर्षांपूर्वी एका सकाळी कामावर येताना त्याला फाटकातच अमोनियाचा, म्हणजे बर्फ गोठवणाऱ्या विषारी गॅसचा, वास आला होता. आतल्या लोकांना कसलाच पत्ता नव्हता. त्याने आरडाओरडा करून सगळ्यांना बाहेर काढलं, आणि शेवटचा माणूस रस्त्यावर येतो न येतो तोच नळीचा सांधा फुटला. तेव्हापासून कुणाला जरा शंका आली की तो मीटर बघत नसे, गुरुदासला विचारत असे. मालक सुदेशशेट तर व्यापाऱ्यांना कौतुकाने सांगत, "मशीन जुनी आसा, पण नाक एक नंबर!"

पेटी घेऊन आली होती अनुजा. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत ती इंजिनिअर होती. हवेत अमोनिया वाढला की ओरडायचं, एवढंच पेटीचं काम. पण लहान कारखान्यांना परवडेल अशी ती बनवायला तिच्या चमूची उमेदीची वर्षं गेली होती. प्रयोगशाळेत पेटी कधी चुकली नव्हती. मात्र तिथली हवा वेगळी, इथली खारी, मासळीच्या ओलाव्याची हवा वेगळी. इथे टिकली तरच कोल्हापूरचा एक कारखानदार ती बनवायला घेणार होता.

पेटीचा आवाज ऐकून अनुजा ऑफिसातून धावत आली.

"काका, आकडा वाढतोय. मलाही थोडा वास येतोय असं वाटतं."

"मॅडम, तुम्ही पुण्याच्या. बर्फाच्या कारखान्यात एवढा वास असायचाच," गुरुदास ऑफिसातली मराठी काढून म्हणाला. "तुमच्या पेटीला इथली हवा बाधली असणार. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, तिथं ही काय टिकणार?"

अनुजाचा चेहरा उतरला. गेले दोन दिवस पेटी अशीच अधूनमधून ओरडत होती, आणि दर वेळी गुरुदास नाक वर करून "काय नाय" म्हणत होता. कुणावर विश्वास ठेवायचा? आपण बनवलेल्या यंत्रावर, की जन्मभर इथे राबलेल्या माणसावर? तिने भिंतीवरचं खालचं बटण दाबून पेटीचा आवाज बंद केला.

तिचं तोंड बघून गुरुदासला वाईट वाटलं. पोर गुणी होती, आल्या दिवसापासून त्याला मान देऊन वागत होती. तो उठला.

"थांबा, तुमची खात्रीच करून देतो."

त्याने फळीवरची गंधकाची कांडी घेतली. गळती शोधायची ही जुनी रीत. पेटती कांडी सांध्याजवळ धरायची. गॅस नसेल तर धूर जेमतेम दिसतो. असेल तर पांढराशुभ्र लोट उठतो. मशीनघराचं दार ढकलून गुरुदास आत गेला, कांडी पेटवली आणि कॉम्प्रेसरच्या दांड्याजवळ नेली.

धूर एकदम पांढरा झाला.

त्याला वाटलं, कांडी ओली असेल. त्याने ती मागे घेतली, झटकली, पुन्हा पुढे धरली. पांढरा लोट हाताएवढा जाड झाला. त्याने कांडी नळीकडे नेली, मग भिंतीकडे, मग वर, जिथे पॅकिंगच्या शेडमध्ये उघडणारा झरोका होता. जिथे कांडी जाई तिथे दाट पांढरं उमटे. सगळी खोली अमोनियाने भरली होती आणि तो मधोमध उभा होता. त्याने श्वास घेतला, अगदी छाती भरून घेतला. हवा आत गेली. नुसती हवा.

"काका! बाहेर या!" दारातून अनुजा ओरडली, आणि तिला पुढचं बोलवेना. तोंडावर रुमाल दाबून, दाराची चौकट धरून ती ओकाऱ्या देत होती. डोळ्यांतून धारा वाहत होत्या.

गुरुदास तिच्याकडे बघतच राहिला. जिथे ती एक क्षण उभी राहू शकत नव्हती, तिथे तो मघापासून वावरत होता.

तेवढ्यात शेडमधून किंकाळी आली. "भक्ती पडली! काकानू, भक्ती पडली ओ!"

मग त्याचे हात आपसूक चालले. कॉम्प्रेसर बंद, हा व्हॉल्व्ह बंद, तो बंद. एवढं होईपर्यंत त्याचेही डोळे झोंबू लागले होते, घसा आवळला होता. वास मात्र नव्हता. तो बाहेर आला तेव्हा पोरींनी भक्तीला अंगणात आणून निजवलं होतं. तिच्या तोंडावर पाणी मारत होत्या. ओठ निळसर पडले होते, आणि दर श्वासागणिक छातीतून करवत चालल्यासारखा आवाज येत होता. टेम्पोत घालून तिला इस्पितळात नेलं.

टेम्पो दिसेनासा झाला. सुदेशशेट धापा टाकत आले आणि त्यांनी गुरुदासच्या पाठीवर थाप मारली. "तू होतंस म्हणान वाचलो रे! व्हॉल्व्ह बंद केलंस, नाय तर आज काय झाला असता!"

सगळे माना डोलवू लागले. अनुजा तेवढी खाली बघत होती. ती काही बोलणार नव्हती, हे गुरुदासला कळलं. तो गप्प राहिला असता तर कुणालाच काही कळणार नव्हतं.

"शेटानू," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच परका वाटला, "माका वास येवक नाय."

"कसलो वास?"

"कसलोच. ती पोरगी सांगूक इली, तिका मी परत आत धाडलंय. पेटी खरा बोलत होती."

एकेक जण आपापल्या कामाच्या निमित्ताने बाजूला झाला.

घरी सावित्री बांगडे तळत होती. गुरुदास चप्पल न काढताच स्वयंपाकघरात शिरला आणि कढईवर वाकला. तेल तडतडत होतं, वाफ तोंडावर येत होती. त्याने मसाल्याचा डबा उघडून नाकाशी धरला. मग कांदा. मग रॉकेलची बाटली.

सावित्रीने गॅस बंद केला. काय झालं, असं तिने विचारलं नाही. त्या न विचारण्यानेच तो चरकला.

"तुका म्हायत होता?"

"होता," ती हळूच म्हणाली.

"कदीपासना?"

"गेल्या वर्साक गॅसचो खटको उघडो रवललो. घर भरलला वासान. मी भायरसून धावत इलंय तर तुमी हयच बसान पेपर वाचीत होतास."

गुरुदासने रॉकेलची बाटली खाली ठेवली. "मगे माका सांगलंस नाय कित्याक?"

"काय सांगतलंय? अख्ख्या बंदरार तुमच्या नाकाचा नाव. त्या नाकाक मी कसा नाव ठेवू?" तिने डोळ्याला पदर लावला. "माका वाटला, घरात मी आसय. कामार अशी पाळी येतली ह्या माज्या मनातसुद्दा नाय इला ओ."

तो तिच्यावर रागावला नाही. रागावण्याइतकं बळच उरलं नव्हतं. बांगडे तसेच थंड झाले.

कणकवलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वर्षानुवर्षं थोडा थोडा गॅस नाकात गेल्याने हे झालंय, आता परत येणं कठीण. भक्ती आठवड्याने घरी आली. गुरुदास तिच्या दारात जाऊन उभा राहिला. शेवटी तीच म्हणाली, "बसा काकानू, चाय ठेवतंय," आणि खोकत खोकत आत गेली. तो खोकला तो नंतर कितीतरी दिवस ऐकत राहिला.

पेटी पास झाली. कोल्हापूरचा कारखानदार येऊन अनुजाशी हस्तांदोलन करून गेला. बंदरावरच्या दुसऱ्या कारखान्यांनीही मागणी नोंदवली. जाण्यापूर्वी अनुजा म्हणाली, "काका, पेटीही एक दिवस आंधळी होऊ शकते. रोज तिची परीक्षा घ्यावी लागेल. कुणाला शिकवू?"

"मला शिकवा," गुरुदास म्हणाला.

आता रोज सकाळी पोरी आत कामाला जायच्या आधी गुरुदास शिडी लावून वर चढतो. अमोनियाच्या पाण्याची छोटी बाटली उघडून पेटीसमोर धरतो. पेटी ओरडली की खाली येतो. पोरी तोवर अंगणात थांबतात. भक्तीही असते, दोन हात जास्तच लांब.

बाटली पेटीला दाखवण्याआधी तो ती क्षणभर स्वतःच्या नाकाशी नेतो. डोळे मिटतो. खालून बघणाऱ्या पोरी आपसूक श्वास रोखतात. मग तो बूच लावतो, सावकाश उतरतो आणि दारातून बाजूला होतो.

"जावा आत," तो म्हणतो. "पेटी बरी आसा."